चार, एक, सात

मी सूटकेस बोलतेय. थांबा, लगेच जवळ येऊ नका. आधी तुम्ही कोण, कुठले, आणि माझ्या कुलपाकडे असं टक लावून का बघताय ते सांगा. नाही सांगत? मग लांबूनच ऐका.

माझा स्वभाव संशयी आहे, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. जिच्या पोटात दुसऱ्यांच्या वस्तू कोंबतात आणि जिच्या तोंडाला कुलूप लावतात, तिनं काय सगळ्यांवर विश्वास टाकत फिरायचं?

माझा जन्म कारखान्यातला. रंग मरून, कडेनं चंदेरी पट्टी, खाली दोन चाकं, ओढायला एक पट्टा आणि तोंडाशी तीन आकड्यांचं कुलूप. तयार झाल्यावर तिथल्या एका माणसानं मी फुटते का ते बघायला मला तीनदा जमिनीवर आपटलं. मी फुटले नाही. पण माणसांबद्दल माझं मत तिथंच ठरलं.

मग आले नाशिकला, मेनरोडवरच्या एका दुकानात. साल शहाण्णव. लग्नसराई होती. गिऱ्हाईकं यायची, माझं झाकण उघडायची, आत हात घालायची आणि एकच प्रश्न विचारायची, "साड्या किती मावतील?" एक दिवस कळवणहून एक मास्तर आपल्या मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आले. मुलीनं डोक्यावर गॉगल चढवला होता. तिनं विचारलं, "ही विमानात चालते का?"

"चालते म्हणजे काय ताई! विमानासाठीच बनवलीय," दुकानदार म्हणाला. तासाभरापूर्वी एका होल्डॉलबद्दलही तो हेच म्हणाला होता. मी ऐकलं होतं.

ती मुलगी म्हणजे साधना. तिच्याकडे एक फाइल होती. टूर कंपन्यांच्या माहितीपत्रकांतली चित्रं कापून तिनं त्यात लावली होती. बर्फाचे डोंगर, निळी तळी, उंच इमारती, बागा. लग्नानंतर ती फाइल माझ्या पोटात बसून मखमलाबादला आली.

मखमलाबाद म्हणजे नाशिकच्या कडेला. घर मळ्यातलं, माळ्यांचं. चहूकडे गुलाब, झेंडू, शेवंती, मोगरा. सासरे खंडेराव मळा बघायचे. सासूबाई सगुणाबाई पहाटे फुलं तोडायच्या आणि पंचवटीत फुलबाजारात नेऊन विकायच्या. दुपारी घरी येऊन पुन्हा उंबऱ्यात गजरे बांधत बसायच्या. साधनाचा नवरा कुंदन. त्याचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं.

पहिल्याच आठवड्यात साधनानं मला पलंगावर ठेवलं आणि कुलपाला नंबर लावला. चार, एक, सात. हाच का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही! नंबर फक्त तिला आणि कुंदनला ठाऊक. बंद केलं की कुलपाची तिन्ही चाकं शून्यावर आणून ठेवायची तिची सवय. तेव्हा उंबऱ्यात सगुणाबाई गजरा बांधत होत्या. त्यांची नजर फुलांवर होती. मी बारकाईनं पाहिलं होतं. नंबर त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

पुढची काही वर्षं आमची मजेत गेली. शनिवारी दुपारी दुकान नोकराच्या हवाली करून कुंदन गाडी काढायचा. कधी महाबळेश्वर, कधी दमण, कधी सापुतारा. साधनाचा थाट बघण्यासारखा असायचा. गॉगलच्या रंगाची पर्स, पर्सच्या रंगाच्या चपला. फोटोत मागे डोंगर असला तर पुढं पिवळंच हवं, असले तिचे नियम. तिनं केसही मानेपर्यंत कापून टाकले. मळ्यात कुजबुज झाली. सगुणाबाई एवढंच म्हणाल्या, "आता गजरा कुठं माळशील गं?"

मी मात्र एकही डोंगर पाहिला नाही. लोकांना वाटतं, सूटकेस जग बघते. कसलं जग! मी जगातल्या खोल्या पाहिल्यात. प्रत्येक खोलीत एक पलंग, एक आरसा आणि झाडायच्या निमित्तानं आत येणारा एक माणूस. त्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून संशय.

छोटी तेजू झाल्यावर तिला आजीजवळ ठेवून हे दोघे निघायचे. "आई, तुम्ही आहात म्हणून जमतं हो," असं साधना प्रत्येक वेळी म्हणायची. सगुणाबाई हातावर दही ठेवायच्या. "तुम्ही पण चला" असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायला हवं असं कुणाच्या मनातही येत नसे. माझ्याही आलं नाही, उगाच कशाला खोटं बोलू?

आता मूळ गोष्टीकडे येते. आवाज जरा हळू ठेवते.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. साधना तेजूला घेऊन दवाखान्यात गेली होती. कुंदन दुकानात, खंडेराव मळ्यात. मी पलंगाखाली होते. दार हळूच लोटल्याचा आवाज आला. दोन हात आले आणि त्यांनी मला बाहेर ओढलं. सगुणाबाई!

त्यांनी डोळे मिटले. पहिल्या चाकावर अंगठा ठेवला. टिक, टिक, टिक, टिक. दुसऱ्यावर एकदा टिक. तिसऱ्यावर सात वेळा. आणि खट्कन मी उघडले.

माझ्या तर अंगावर काटाच आला. या बाईला आकडे वाचता येत नव्हते. पण जन्मभर न बघता कळ्या मोजून गजरे बांधणारी ती बोटं! साधना नंबर लावत होती तेव्हा बाईंनी नजर फुलांवर ठेवली आणि कान माझ्याकडे लावले होते. मी मनातल्या मनात ओरडले, चोर! घरातच चोर!

पण त्यांनी काही नेलं नाही. उलट काखेतलं बोचकं सोडलं. एक हिरवं इरकली लुगडं, एक चोळी, कुंकवाची डबी, मिसरीची डबी, एक लोकरीचा मफलर. सगळं माझ्यात रचलं. वर एक ताजा मोगऱ्याचा गजरा ठेवला. झाकण लावलं. आणि माझ्या शेजारी जमिनीवर पदर सारखा करून बसल्या. एसटीची वाट बघत बसावं तशा. दहा मिनिटं बसल्या असतील. मग सगळं काढून घेतलं, चाकं शून्यावर आणली, मला पलंगाखाली ढकललं आणि गेल्या.

मी आतल्या वस्तू मोजल्या. सगळ्या जागेवर. म्हणजे ही चोरीची रंगीत तालीम आहे, मी ताडलं. आज ठेवून बघतेय, उद्या नेऊन बघेल.

मग हे महिन्या-दोन महिन्यांनी होऊ लागलं. वर्षं गेली, पण चोरी काही होईना. एकदा त्यांनी साधनाची फाइल काढून चाळली आणि एका चित्रावर बराच वेळ बोट ठेवून बसल्या. माझा संशय कमी झाला नाही. उलट जी बाई इतकी वर्षं थांबते ती काहीतरी मोठं करणार, अशी माझी खात्रीच पटली.

दोन हजार दोन साली कुंदनला औषधं पुरवणाऱ्या कंपनीनं डीलर लोकांना बँकॉकला नेलं. फक्त पुरुषांना. तुम्हाला ठाऊक असेल, बँकॉकचं नाव निघालं की डीलर गालात हसतात आणि त्यांच्या बायका हसत नाहीत. साधनानं ओठ घट्ट मिटून त्याची बॅग भरली. मी तर डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा असं ठरवूनच निघाले. काय ते एकदा मला बघायचंच होतं.

आणि बघितलं काय? दुसऱ्याच दिवशी कुंदनचं पोट बिघडलं. बाकीचे डीलर नटून-थटून बाहेर पडले आणि हा तीन दिवस खोलीत चिवडा खात, कण्हत पडून राहिला. मला, खरं सांगते, थोडी निराशाच झाली.

कंपनीनं पुढची सहलही जाहीर केली. नोव्हेंबरात सिंगापूर, आणि जोडीनं! साधनाचे पाय जमिनीवर ठरेनात. सिंगापूर तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर होतं. नोव्हेंबरची सहल, पण साधनाबाईंनी जूनमध्येच मला पलंगावर घेतलं. काय कुठं बसतं ते आधी बघायला हवं ना! कप्पे झटकताना तिचा हात बाजूच्या खिशात गेला आणि तिथंच थांबला.

आत एक वाळलेला गजरा होता.

तो सगुणाबाईंचा, हे मला ठाऊक होतं. चार आठवड्यांपूर्वी बाहेर तेजूची हाक आली म्हणून त्या घाईनं उठल्या होत्या. लुगडं घेतलं, डब्या घेतल्या. गजरा माझ्या खिशात सरकला होता, तो राहिला.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. सगळे घरातच होते. साधना गजरा हातात धरून बाहेरच्या खोलीत गेली. दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं.

"हे काय आहे?"

"गजरा," कुंदन पेपरातून मान वर न करता म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. कुणाचा?"

"मला काय विचारतेस? आपल्या घरात पाटीनं फुलं असतात."

"घरातली फुलं कुलपाच्या आत जात नाहीत. नंबर आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी गजरा माळत नाही. आणि बॅग शेवटची बँकॉकला गेली होती." साधना मास्तरांची मुलगी. एकेक मुद्दा फळ्यावर लिहावा तसा मांडत होती.

कुंदनच्या हातातून पेपर गळाला. "अगं, तीन दिवस मी खोलीतनं बाहेर पडलो नाही! माझं पोट..."

"सगळ्या डीलरांची पोटं बँकॉकलाच बिघडतात का हो?"

"तुझी शपथ घेऊन सांगतो."

"माझी नका घेऊ. तिचीच घ्या."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण साधना गजरा खाली टाकून आत आली आणि माझ्यात कपडे टाकायला लागली. गॉगल नाही, पर्स नाही. घरातल्या साध्या साड्या आणि तेजूचे फ्रॉक. सहा वर्षं ज्या बॅगेत सिंगापूर भरायचं स्वप्न बघितलं, त्या बॅगेत ती कळवण भरत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या अस्तरावर पडलं. "तुम्ही जा सिंगापूरला," ती आतूनच ओरडली. "मला तुमच्याबरोबर कुठंच यायचं नाही. कधीच!"

मी साक्षीदार होते हो! दोन्हींची! बँकॉकच्या त्या खोलीची आणि इथल्या दुपारींचीही. पण मला तोंड म्हणजे कुलूप. जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेतला, आणि एका माणसावर खोटा संशय आला तर माझ्याच्यानं एक शब्द बोलवेना. त्या दिवशी मला माझी लाज वाटली.

कोपऱ्यात बसलेले खंडेराव उठले. खाली पडलेला गजरा त्यांनी उचलला, डोळ्यांजवळ नेला, नखानं उलटा-पालटा केला.

"कुंदन्या, तू गाढव हाय," ते म्हणाले. "माळ्याचा पोरगा आणि गाठ वळखीत नाय? हे दोऱ्याच्या जागी केळीचं सोपट हाय. आणि ही दुहेरी आढी. आख्ख्या फुलबाजारात अशी आढी एकच बाई मारती."

सगळ्यांनी सगुणाबाईंकडे पाहिलं.

त्या उंबऱ्यात होत्या. हातातला गजरा अर्धा झाला होता. त्यांना काहीही सांगता आलं असतं. देवाला ठेवला होता, पोरीनं खेळता-खेळता टाकला असेल, काहीही. मी तर तेच होणार असं धरून चालले होते. त्यांनी गजरा खाली ठेवला. न्हाणीत जाऊन हात धुतले. कपाटातून बोचकं काढलं आणि आत आल्या.

"साधना, बॅगेतले तुझे कपडे भाईर काढ बरं जरा," त्या म्हणाल्या. "आणि लाव कुलूप."

साधनानं गोंधळून माझ्यातले कपडे बाहेर काढले, मला बंद केलं. सवयीनं चाकं शून्यावर आणली. सगुणाबाई माझ्यासमोर बसल्या. डोळे मिटले. सगळं घर बघत होतं. टिक, टिक, टिक, टिक. टिक. मग सात. खट्कन मी उघडले.

मग एकेक वस्तू बोचक्यातून निघाली. हिरवं लुगडं. चोळी. कुंकवाची डबी. मिसरीची डबी. मफलर. सगुणाबाईंची मान वर होत नव्हती.

"लय वरसं झाली," त्या म्हणाल्या. "घरात कुणी नसलं का म्या भरून बघती. मंग काढून ठिवती. कुणाचं काय घेतलं नाय म्या."

"पण का आई?" साधनाचा आवाज एकदम खाली आला.

"तुझ्या फायलीत एक बाग हाय. म्या इचारलं व्हतं तुला, तू म्हणली, तिकडं फुलं कुणी तोडीत नाय. झाडावरच ठिवत्यात. लोकं नुसती बघायला येत्यात." त्यांनी लुगड्याची घडी सारखी केली. "म्या धा वरसाची व्हते तव्हापासून तोडती. दिस उगवायच्या आत बाग रिकामी करायची. मला वाटायचं, तोडलीच नाय तर ती दिसत्यात कशी? येवढंच बघायचं व्हतं. पण ह्या वयात असलं बोलायची लाज वाटती बाई."

खंडेराव खेकसले, "म्हातारपणी थेरं!" कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. कुंदन भिंतीला टेकून उभा होता. आईकडे तो असा बघत होता, जणू ही बाई आजच घरात आली.

साधना माझ्याजवळ आली. मग खाली बसली. माझ्यातलं लुगडं उचललं, मफलर तळाशी घातला, डब्या बाजूला सरकवल्या आणि लुगडं पुन्हा ठेवलं.

"आई, लुगडं नेहमी वर ठेवायचं," ती म्हणाली. "खाली दबलं की चुरगळतं. आणि मफलर नको. सिंगापूरला उकडतं."

एवढंच. पण सगुणाबाईंनी पदर तोंडात धरला आणि त्या रडायला लागल्या. साधनाही. कुंदन म्हणाला, "म्हणजे माझ्यावरचा आळ गेला ना?" त्याला दोघींनी मिळून बाहेर काढलं.

पुढं पासपोर्टचे पुष्कळ सोपस्कार झाले. सगुणाबाईंना जन्मतारीख नव्हती. चौकशीला आलेल्या हवालदारानं तीनतीनदा विचारलं, "आजी, परदेशात कशाला चाललात?" त्या म्हणाल्या, "फुलं बघायला." त्याचा काही विश्वास बसेना. मला तो माणूस फार आवडला. तिसऱ्या तिकिटाचं कुंदननं कसं जमवलं ते मला ठाऊक नाही. पण नवी गाडी घ्यायचं त्याचं बोलणं त्या वर्षी पुन्हा ऐकू आलं नाही. तेजूला कळवणला आजोळी ठेवलं. खंडेराव मळ्याला पाणी द्यायला राहिले आणि निघताना त्यांनी कुणाकडे बघितलंही नाही.

बाग मी पाहिली नाही. मी हॉटेलच्या खोलीत, झाडायला येणाऱ्या माणसावर नजर ठेवून होते. पण संध्याकाळी दोघी परत आल्या तेव्हाचं बोलणं मी ऐकलं. साधना कुंदनला सांगत होती, की आई एका ताटव्यापाशी तासभर उभ्या होत्या. मध्येच त्यांचा हात आपोआप फुलाकडे गेला. साधनानं तो हात आपल्या हातात धरला. मग दोघी तशाच हात धरून हिंडल्या. साधनाचा गॉगल तेवढा वेळ आईंच्या डोळ्यांवर होता.

सगुणाबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "साधना, फुलं झाडावर म्हातारी व्हत्यात गं. पाकळी पाकळी वाळती. म्या आजवर एकपण म्हातारं फूल पाह्यलं नव्हतं."

मखमलाबादला परतल्यावर त्यांनी दारातल्या एका गुलाबाला कुणाला हात लावू दिला नाही. खंडेराव रोज कुरकुरायचे, "फुकट जातो माल." पण जाता-येता त्या झाडापाशी थांबायला लागले. मी खिडकीतून पाहिलंय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

आता दोन हजार आठ चाललंय. साधनानं चार चाकांची, चेनची नवी ट्रॉली घेतली. ती गोल गोल फिरते. असल्या फिरणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी आता "आईची बॅग" झालेय. वर्षातून दोनदा शनिवार-रविवार गाठून सासू-सुना कुठंतरी जातात, तेव्हा मी असते. माझं एक चाक तुटलंय. कुलूप सैल झालंय. मनात आणलं तर मी आता नंबराशिवायही उघडू शकते. आणलेलं नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. माझीही काही इभ्रत आहे.

म्हणजे, आज दुपारपर्यंत नव्हतं आणलं.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. दार हळूच लोटलं गेलं. दोन हात आले. मी सावध झाले. खंडेराव! काखेत धोतर, सदरा आणि पांढरी टोपी. त्यांनी इकडं-तिकडं पाहिलं. चाकांवर अंगठा ठेवला आणि कशीही फिरवली. कान लावून ऐकलं. पुन्हा फिरवली. बोटं जाड, कुदळ धरलेली. त्यांना काही जमेना. "आयला, म्हातारीला बरं जमायचं," ते पुटपुटले आणि बसून राहिले. कपाळावर घाम आला होता. डोळे त्या गुलाबाकडे होते.

मी उघडले. काही विचारलं नाही, नंबर मागितला नाही. उघडले.

त्यांनी धोतर ठेवलं, सदरा ठेवला, टोपी ठेवली. पदर नव्हता, म्हणून मिशी सारखी केली आणि माझ्या शेजारी बसले. एवढ्यात बाहेर सगुणाबाईंचा आवाज आला. ते ताडकन उठले. धोतर घेतलं, सदरा घेतला, झाकण आपटलं आणि निघून गेले.

साधना, उद्या शनिवार. तुम्ही दोघी सापुताऱ्याला निघणार. आज संध्याकाळी कपडे भरायला तू मला उघडशील तेव्हा आत एक टोपी सापडेल. हात जोडून सांगते, कुणाला ओरडून विचारू नकोस, ही कुणाची म्हणून. तेवढी उचलून सगळ्यात वर ठेव. खाली दबली की चुरगळते.